संशोधन पद्धतीचा पेपर पाठ झाला, पण पद्धत काही येत नाही

मलप्रभाकाठ

नमस्कार मंडळी. मी एम. ए. मराठीच्या शेवटच्या सत्रात आहे. गाव बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातलं. लघुप्रबंधाचा विषय 'खानापूर परिसरातील मराठी बोलीवरील कन्नडचा प्रभाव'.

संशोधन पद्धतीच्या पेपरला मला चांगले मार्क पडले. गृहीतक म्हणजे काय, नमुना निवडीचे प्रकार किती, प्रश्नावली आणि अनुसूचीत फरक काय, सगळं तोंडपाठ आहे. त्या जोरावर सुट्टीत ४० प्रश्नांची प्रश्नावली घेऊन गावात फिरले. पहिलाच प्रश्न होता, 'तुमच्या बोलीवर कन्नडचा प्रभाव आहे असे आपणांस वाटते काय?' २२ जणांनी भरून दिली आणि २२ जणांनी 'नाही' लिहिलं. एक आजोबा तर ठासून म्हणाले, आम्ही शुद्ध मराठी बोलतो. आणि लगेच नातवाकडे वळून, "अरे चष्मा हुडक की माझा!" हुडकणं कन्नड 'हुडुकु'वरून आलंय हे मी आदल्याच आठवड्यात वाचलं होतं.

आता मार्गदर्शक सरांना पुढच्या महिन्यात 'संशोधन पद्धती' हे प्रकरण लिहून हवंय. त्यात काय लिहू? २२ वेळा 'नाही'? ज्यांनी हे काम केलंय त्यांनी कृपया सांगा, तुम्ही पद्धत शिकलात कुठं आणि कशी?

टिळकवाडीकर

त्या आजोबांना सोडू नका. अख्खा प्रबंध त्यांच्याकडं आहे.

निपाणी_मास्तर

टिळकवाडीकरांचं बोलणं हसण्यावारी नेऊ नका, तेच खरं उत्तर आहे.

बाळ, मी ३१ वर्षं मराठी शिकवलं. तुझी चूक एकच झाली. जो प्रश्न तू स्वतःला विचारायचा, तो लोकांना विचारलास. प्रभाव आहे की नाही हे ठरवणं संशोधकाचं काम. बोलणाऱ्यानं फक्त बोलायचं. माणसाला त्याच्या भाषेबद्दल विचारलं की तो आपल्या मनातली भाषा सांगतो, तोंडातली नव्हे. त्यातून आपल्या भागात 'तुझी मराठी कन्नडी वळणाची आहे का' असा प्रश्न कुणी सरळ मनानं घेईल का? १९५६ साली हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला, तेव्हापासून इथं भाषा म्हणजे नुसती भाषा राहिलेली नाही.

तरी ते २२ कागद फाडू नकोस. लोक आपल्या बोलीकडं कसं बघतात याची ती चांगली नोंद आहे. तुझ्या मूळ प्रश्नाला तिचा उपयोग नाही, एवढंच.

दुसरं म्हणजे विषय फार मोठा घेतलायस. शब्दसंग्रह, उच्चार, व्याकरण, म्हणी, सगळं एका लघुप्रबंधात मावत नाही. एकच लकब धर. आता मला सांग, 'गावात फिरले' असं इथं लिहिलंयस. घरी आईशी बोलताना 'मी फिरले' म्हणतेस?

मलप्रभाकाठ

नाही सर. घरी 'मी फिरलो'च म्हणते. आई, काकी, आजी सगळ्याच 'मी येतो, मी जातो, मी गेल्तो' म्हणतात. कॉलेजात आल्यावर मैत्रिणी हसल्या, तेव्हापासून मी बदललं.

निपाणी_मास्तर

झालं. विषय मिळाला तुला.

जांबोटी_घाट

मास्तरांशी शंभर टक्के सहमत. ताई, माझं पीएच.डी.चं काम याच पट्ट्यातलं, म्हणून जरा लांबण लावते.

तू जे आता एका ओळीत लिहिलंस ना, 'मैत्रिणी हसल्या, तेव्हापासून बदललं', ते कुठल्याच प्रश्नावलीत आलं नसतं. समाजभाषाविज्ञानात ही जुनी अडचण आहे. माणूस कुणी ऐकत नसताना कसं बोलतो हे आपल्याला हवं असतं, आणि ते मिळवायला आपल्याला तिथं बसून ऐकावं लागतं. अमेरिकेत विल्यम लबॉव्ह या भाषाशास्त्रज्ञांनी १९६२ साली न्यूयॉर्कच्या तीन मोठ्या दुकानांत यावर साधी युक्ती केली. एक दुकान श्रीमंतांचं, एक मध्यमवर्गाचं, एक स्वस्तातलं. चौथ्या मजल्यावर मिळणारी वस्तू कुठं आहे असं ते विक्रेत्यांना विचारायचे. उत्तर 'फोर्थ फ्लोअर' येणारच. त्यात 'र' उच्चारला की गिळला एवढंच कोपऱ्यात जाऊन टिपायचं. नीट ऐकू आलं नाही असं दाखवून पुन्हा विचारायचे, म्हणजे दुसऱ्यांदा जपून केलेला उच्चारही मिळायचा. अशी २६४ माणसं. प्रश्नावलीचा एक कागद नाही.

माझाच अनुभव सांगते. एका घरी सुनेची मुलाखत घ्यायला गेले. सासरे खुर्चीत, नवरा दारात, मोबाइल मध्ये ठेवलेला. पाऊण तास ती पुस्तकातल्यासारखं 'मी करते, मी जाते' बोलत होती. माझ्या मनात आलं, या गावात ही लकब नाहीच. निघताना तिच्या माहेरहून फोन आला आणि ती आत जाता जाता म्हणाली, "आगं रविवारी येतो की मी, डबा घिऊन येतो." पाऊण तासाची मुलाखत एका बाजूला आणि ते एक वाक्य एका बाजूला. त्यानंतर मी मुलाखत हा शब्दच सोडला. रताळी काढताना, भाकरी थापताना, भांगलणीला जाऊन बसायला लागले. पहिले दोन दिवस ध्वनिमुद्रण करायचंच नाही. तिसऱ्या दिवशी परवानगी घेऊन मोबाइल ठेवायचा.

आकडेवाला

एक शंका. एका फोनवरच्या एका वाक्यावरून निष्कर्ष काढायचा म्हणजे ही पद्धत झाली की योगायोग? मी संख्याशास्त्राचा विद्यार्थी आहे, भाषेतलं फार कळत नाही. पण किती बायका, कुठल्या वयाच्या, किती वेळा 'येतो' आणि किती वेळा 'येते', हे मोजल्याशिवाय 'गावात असं बोलतात' म्हणता येणार नाही. निदान शंभर जणी तरी हव्यात.

जांबोटी_घाट

मोजायला हवंच, तिथं वाद नाही. त्या वाक्यावरून मी निष्कर्ष काढला नाही, माझी रीत चुकतेय एवढं त्यावरून कळलं. शंभराचा आग्रह मात्र पटत नाही. अर्धा तास मोकळं बोलणाऱ्या एका बाईच्या बोलण्यात प्रथमपुरुषी क्रियापदं शेकड्यांनी येतात. इथं मोजायचं ते क्रियापद, नुसती डोकी मोजून भागत नाही.

लघुप्रबंधाला माझा हिशोब असा: दोन गावं, एक कन्नड भाषकांच्या शेजारचं, एक लांबचं. प्रत्येक गावात तीन वयोगट, प्रत्येक गटात चार बायका. झाल्या २४. प्रत्येकीचा अर्धा तास धरला तर १२ तासांचं मुद्रण. ते लिहून काढायला किती वेळ लागतो माहीत आहे? मला तासाभराच्या मुद्रणाला आठ-दहा तास लागायचे. एका सत्रात त्याहून जास्त झेपत नाही.

आकडेवाला

असं असेल तर २४ मान्य. पण एकाच बाईची दोनशे क्रियापदं म्हणजे दोनशे स्वतंत्र नोंदी नव्हेत, हे प्रकरणात लिहा. प्रत्येकीचं प्रमाण वेगळं काढून मग गटांची तुलना करा. सगळ्यांची क्रियापदं एका टोपलीत घातली तर सगळ्यात बडबडी बाई निकाल ठरवेल.

टिळकवाडीकर

आमच्या आत्याला घेऊ नका मग. चोवीस जणींचा कोटा एकटी भरून काढील.

रामदेवगल्ली

चर्चा चांगली चालली आहे, पण मला राहवत नाही. सीमाभागातल्या मराठी मुलीनं 'मराठीवर कन्नडचा प्रभाव' याच विषयावर का लिहावं? उद्या कुणीतरी हाच प्रबंध दाखवून म्हणेल, बघा, यांची मराठी मुळात कन्नडच आहे. आमच्या आधीच्या पिढीनं या भाषेसाठी काय काय सोसलंय ते घरोघरी माहीत आहे. शाळा राखताना, पाट्या राखताना दमछाक होते आणि आपण आपल्याच हातानं पुरावा द्यायचा?

अथणीकर

रामदेवगल्ली, तुमची कळकळ समजते. माझं घर कन्नड, शाळा मराठी, बायको मिरजेची. माझ्या बाजूनं सांगतो.

प्रभाव म्हणजे हार, हे कुणी ठरवलं? सांगलीजवळच्या कुपवाडचा अभ्यास जगभरच्या भाषाविज्ञानाच्या वर्गांत शिकवतात. गंपर्झ आणि विल्सन या भाषाशास्त्रज्ञांनी तो १९७१ साली प्रसिद्ध केला. गावात कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू बोलणारे शेजारी शेजारी. शेकडो वर्षं एकत्र राहून त्यांची वाक्यरचना इतकी जवळ आली, की एका भाषेतलं वाक्य तुकड्याला तुकडा लावून दुसऱ्या भाषेत नेता येतं. शब्द मात्र ज्याचे त्याचे वेगळेच राहिले. आणि ही देवघेव एकतर्फी नाही. 'हे माझं घर' म्हणायला कन्नडला 'आहे' लागत नाही, पण कुपवाडच्या कन्नडनं मराठीसारखं ते क्रियापद जोडायला घेतलं. गावात चार भाषा टिकल्या त्या अशा देवघेवीमुळंच, असं मला तरी वाटतं.

आमच्या भागातलं उदाहरण देतो. प्रमाण मराठीत 'मी काम केलं'. आमच्याकडची जुनी माणसं म्हणतात, 'मी काम केलो'. कन्नडमध्ये क्रियापद नेहमी कर्त्याच्या मागून जातं, कर्माकडं बघत नाही. तेच वळण इथं आलेलं असू शकतं. यात मराठीचा कमीपणा कुठं आला?

निपाणी_मास्तर

अथणीकर, छान मांडलंत. रामदेवगल्लींना एक आठवण देतो. शं. बा. जोशी आपल्याच जिल्ह्यातले, सौंदत्ती तालुक्यातल्या गुर्लहोसूरचे. कन्नडमधले मोठे संशोधक. त्यांनी मराठी-कन्नड संबंधांवर मराठीतूनही लिहिलं. रा. चिं. ढेरे यांनी विठ्ठलाचा शोध घेताना कन्नड परंपरा धुंडाळली. दोघांचेही निष्कर्ष सगळ्यांना पटलेच असं नाही, पण दुसऱ्या बाजूची भाषा वाचल्याशिवाय आपल्या बाजूचं कळत नाही, ही त्यांची रीत होती. म्हणून माझं मुलीला सांगणं आहे, कन्नड वाचायला शीक. लिपी दोन महिन्यांत येते. सीमाभागात मराठी बोलीवर काम करायचं तर कन्नड येणं हा पद्धतीचाच भाग आहे.

रामदेवगल्ली

मास्तर, तुमचा मान राखून सांगतो, भीती माझी जात नाही. पण अभ्यास करू नये असं म्हणणार नाही. शीर्षक तेवढं बदला. 'प्रभाव' म्हटलं की एक देणारा आणि एक घेणारा असं आधीच ठरून जातं.

जांबोटी_घाट

ही सूचना मला शास्त्राच्या अंगानंही बरोबर वाटते. शीर्षकातच उत्तर गृहीत धरलंय. 'मी येतो' हे कन्नडमुळंच झालं हे कशावरून?

दिसायला सोपं आहे. कन्नडमध्ये 'नानु बरुत्तेने' बाईही म्हणते, पुरुषही म्हणतो. लिंगभेद तिसऱ्या पुरुषात, 'अवनु बरुत्ताने, अवळु बरुत्ताळे'. आपल्याकडंही 'ती येते'च राहतं, फक्त 'मी'ला फरक पडतो. साचा बरोबर बसला. पण थांब. प्रमाण मराठीत 'आम्ही येतो', 'आम्ही गेलो' बाया-पुरुष दोघंही म्हणतात ना? मग अनेकवचनातलं रूप एकवचनात सरकलं असेल, कन्नडचा काही संबंध नसेल, असंही होऊ शकतं. शिवाय कोल्हापूरकडच्या कितीतरी गावांत, जिथं शेजारी कन्नड घर नाही, तिथंही मुली 'मी जातो' म्हणतात. म्हणून ते दुसरं, लांबचं गाव हवं. दोन्हीकडं प्रमाण सारखंच निघालं, तर कन्नडचं कारण दुबळं पडेल. कन्नडशेजारच्या गावात लक्षणीय जास्त निघालं, तर बळकट होईल. गृहीतक म्हणजे हेच, ताई. खोटं ठरायची वाट ज्याला ठेवलेली असते ते.

मलप्रभाकाठ

गृहीतकाची व्याख्या मी चार वेळा परीक्षेत लिहिली असेल. आज कळली. सगळ्यांची मनापासून आभारी आहे. आता मुद्रणाचं सांगाल का? माझ्याकडं साधा मोबाइल आहे.

जांबोटी_घाट

मोबाइल चालतो. मुद्रणाचं ॲप असं घे की फाइल 'वेव्ह' स्वरूपात राहील, ४४.१ किलोहर्ट्झ, १६ बिट. दाबलेल्या फाइलीत बारीक ध्वनी बिघडतात. कॉलरला लावायचा स्वस्त माइक मिळाला तर फारच बरं. पंखा बंद, टीव्ही बंद, मिक्सर आणि कुकरची वेळ टाळायची. कोंबड्यांना मात्र काही करता येत नाही.

घरी आल्यावर त्याच रात्री दोन ठिकाणी प्रती कर. माझी एक अख्खी दुपार मोबाइल पाण्यात पडून गेली, ती आजी नंतर भेटल्या नाहीत, वारल्या. फाइलीला नाव देताना गाव, वयोगट, क्रमांक, तारीख एवढंच. माणसाचं नाव वेगळ्या वहीत, आणि ती वही कुणाला द्यायची नाही. लिहून काढायला 'ईलान' हे सॉफ्टवेअर घे, नेदरलँड्समधल्या माक्स प्लांक संस्थेचं, फुकट मिळतं. आवाजासमोर ओळीओळीनं लिहिता येतं. उच्चारात शिरायचं असेल तर 'प्राट', तेही फुकट.

परवानगीचा छापील कागद पुढं केला की आपल्याकडं माणसं बिचकतात, जमिनीचा कागद वाटतो त्यांना. मी तोंडी विचारते आणि मुद्रणाच्या सुरुवातीलाच त्यांचा होकार घेते. कशासाठी, कोण ऐकणार, नको वाटलं तर पुसून टाकीन, हे त्यांच्याच बोलीत सांगायचं. आणि खरंच पुसायची तयारी ठेवायची. विभागाचा काही नियम असेल तर आधी सरांना विचारून घे.

टिळकवाडीकर

आणि एसटीचं टेन्शन नाही. जून २०२३ पासून कर्नाटकच्या शक्ती योजनेत बायकांना राज्यात साध्या बसला तिकीट नाही. दोन गावांत वीस खेपा मारा.

जुनी_पोथी

जरा वेगळा सूर लावतो. भाषेच्या एम. ए.ला सगळेच बोलीवर काम करत नाहीत. माझा विषय जुन्या हस्तलिखितांचा. तिथं पद्धत म्हणजे पाठचिकित्सा. चार प्रती जमवायच्या, कुठली कुठलीवरून उतरली ते चुकांवरून ठरवायचं. दोन प्रतींत एकच चूक असेल, तर त्या एका मुळातून आल्या असण्याची शक्यता मोठी. अ. का. प्रियोळकरांनी १९३५ साली रघुनाथ पंडितांच्या दमयंतीस्वयंवराची आवृत्ती या रीतीनं सिद्ध केली. ती प्रस्तावना वाचणं हाच माझ्यासाठी संशोधन पद्धतीचा पेपर होता.

मलप्रभाकाठ यांच्या विषयालाही जुनं साहित्य लागेल. ग्रिअर्सन यांच्या ब्रिटिश काळातल्या भाषासर्वेक्षणाचा मराठीवरचा सातवा खंड १९०५ चा. त्यात बायबलमधली उधळ्या मुलाची गोष्ट वेगवेगळ्या बोलींत भाषांतर करून घेतलेली आहे. नमुने बरेचसे सरकारी अंमलदारांमार्फत जमवलेले. भाषांतर करायला दिलं की माणूस मूळ मजकुराच्या वळणानं जातो, हे ध्यानात ठेवून वापरा. अ. मा. घाटगे यांनी १९६० च्या दशकात केलेली बोलींची पाहणी त्याहून काटेकोर आहे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजनं राज्य मराठी विकास संस्थेबरोबर अलीकडं जे बोलींचं सर्वेक्षण केलंय, त्यात प्रत्यक्ष माणसांचं बोलणं ऐकायला मिळतं. बेळगावात तरुण भारत १९१९ पासून आहे. जुने अंक पाहायला मिळाले, तर त्यातली वाचकांची पत्रं बघा, छापील मराठीत बोली कुठं डोकावते ते सापडेल.

आकडेवाला

मूळ प्रश्न राहूनच गेला की! पद्धतीच्या प्रकरणात लिहायचं काय?

निपाणी_मास्तर

बरं आठवण केलीस. 'प्रस्तुत संशोधनासाठी वर्णनात्मक, विश्लेषणात्मक व तुलनात्मक पद्धतींचा अवलंब केला आहे.' हे वाक्य लिहायचं नाही. मी शेकडो प्रबंधांत वाचलंय आणि त्यावरून संशोधकानं काय केलं ते एकदाही कळलेलं नाही.

काय केलंस ते लिही. कुठलं गाव, का निवडलं, कुणाच्या ओळखीनं गेलीस, किती जणींनी नकार दिला, कोण समोर बसलं होतं, कुठली क्रियापदं मोजली आणि कुठली सोडली. 'आम्ही'ची रूपं सोडणार असशील तर का सोडलीस तेही. पहिली प्रश्नावली फसली हेही लिही, लपवू नकोस. पूर्वचाचणी म्हणतात तिला. दुसऱ्या कुणी तुझं प्रकरण वाचून तसंच काम चिकोडीत किंवा चंदगडला करून बघू शकला, की प्रकरण झालं. शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या संकेतस्थळावर, बोलीअभ्यासाचे दोन-तीन प्रबंध काढ आणि त्यांची पद्धतीची प्रकरणं याच कसोटीवर वाच. उतरवून मात्र घेऊ नकोस. विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे नियम आहेत, १० टक्क्यांवर साम्य गेलं की पुढची पायरी सुरू होते.

आणि स्वतःबद्दल एक परिच्छेद लिही. तू त्याच गावची, तीच बोली बोलणारी, आणि हसल्यामुळं बदललेली. तुझ्यासमोर बायका कशा बोलतात, यावर त्याचा परिणाम होणार. ते वाचणाऱ्याला कळायला हवं.

मलप्रभाकाठ

(तीन आठवड्यांनी)

सर्वांना नमस्कार. शीर्षक बदललं, 'खानापूर तालुक्यातील दोन गावांतील स्त्रियांच्या बोलण्यातील प्रथमपुरुषी क्रियारूपे'. सरांनी मान्य केलं. रामदेवगल्ली काका, 'प्रभाव' काढला.

आजीपासून सुरुवात केली. पहिल्या दिवशी मोबाइल बघून ती देवळातल्यासारखी बसली. मग मी मोबाइल न्यायचा बंद केला आणि तिच्याबरोबर मिरच्या निवडत बसले. चौथ्या दिवशी तिनंच विचारलं, "आज तुझं यंत्र आणलं न्हाईस व्हय?" ४० मिनिटं मिळाली. लिहून काढायला चार रात्री लागल्या. 'मी'बरोबर आलेली ६३ क्रियापदं, जिथं लिंग कळू शकतं अशी. त्यातली ५८ 'येतो-गेलो'सारखी. पाच 'ते-ले'ची. त्या पाचही ठिकाणी ती तिच्या शाळेतल्या बाईंचं बोलणं सांगत होती, 'मी मारते हं' अशा थाटात. हे कुठं मोजायचं?

आकडेवाला

दुसऱ्याचं बोलणं सांगताना आलेली रूपं वेगळ्या रकान्यात. एकत्र केलीस तर ९२ टक्के दिसेल, वेगळी काढलीस तर तिची स्वतःची सगळीच्या सगळी 'येतो'ची आहेत. फार मोठा फरक आहे.

जांबोटी_घाट

त्या पाच ओळी सोन्याच्या आहेत! आजींना दोन्ही रूपं येतात, आणि 'मी येते' ही शाळेची भाषा हे त्यांना नेमकं ठाऊक आहे. पुढच्या प्रत्येक मुद्रणात दुसऱ्याचं बोलणं सांगणारी वाक्यं खूण करून ठेव. ध्वनिफाइलीतली वेळही लिही.

अथणीकर

एक बारीक दुरुस्ती. मागं तू 'गेल्तो' लिहिलंस. आजी 'गेल्तो' म्हणतात की 'गेलतो'? लिहिताना एकच ठरव आणि प्रकरणात सांग.

मलप्रभाकाठ

पुन्हा ऐकलं. 'गेल्तो'च आहे, 'ल'ला स्वर नाही. नियमांच्या यादीत टाकलं.

उद्या सकाळच्या गाडीनं दुसऱ्या गावाला जातो. काकीची मावशी आहे तिथं, भात मळायला चार बायका येणार आहेत म्हणाली. माइक घेतलो, वही घेतलो. आल्यावर सांगतो.